दिव्याची वायर वेगळी

मीरा-भाईंदरमध्ये दिवा बसवता येणार नाही अशी वस्तू अजून बाजारात यायची आहे. गणपतीच्या मखरापासून रिक्षाच्या मडगार्डापर्यंत आणि पाणीपुरीच्या गाडीपासून बाळाच्या चपलेपर्यंत आमच्याकडे सगळं लुकलुकतं. कॅलेंडरचाही याला पाठिंबा आहे. गणपतीची तोरणं उतरवून होत नाहीत तोच गरब्याची मैदानं उजळतात, त्यामागून दिवाळीचे कंदील येतात, कंदील माळ्यावर जातात न जातात तोच उत्तनला नाताळचे तारे लागतात, आणि रमजान ज्या ऋतूत येईल त्या ऋतूत नया नगर झगमगतं. उरलेल्या तिथ्या लग्नाचे हॉल सांभाळतात. अशा गावात राहून एखाद्याने व्हिडिओ गेमच्या बटणांत एलईडी बसवायचं मनावर घेतलं, तर त्याला वेडा म्हणू नये. तो फक्त उशिरा जागा झालेला नागरिक असतो.

हा नागरिक म्हणजे माझा मेव्हणा. चाळिशी ओलांडलेला, भाईंदर पूर्वेला वन बीएचके, नोकरी अंधेरीला, घराचे हप्ते चालू. एरवी अत्यंत समजूतदार. पण समजूतदार माणसाला चाळिशीनंतर एक झटका येतोच. कुणी मॅरेथॉन धावतो, कुणी गिटार शिकतो, कुणी गावच्या जमिनीत हळद लावतो. याला लहानपणीच्या पार्लरमधलं मशीन घरात हवं होतं. उभं, लाकडी, जॉयस्टिकवालं, आणि सगळी बटणं पेटणारी.

यातला शेवटचा भाग इतिहासाला धरून नव्हता. नव्वदच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत ज्या गल्लीत पिठाची गिरणी असे, तिथे बहुधा व्हिडिओ गेमचं पार्लरही असे. अर्धं शटर खाली, आत तीन-चार प्लायवूडचे खोके, प्रत्येक खोक्यासमोर एक पोरगा खेळणारा आणि सहा पोरं सल्ले देणारी. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ नावाचा गेम काढला. हे नाव आपल्याकडे कुणीही, कधीही उच्चारलं नाही. त्यातल्या चार खेळाडूंत पिवळ्या टोपीचा मुस्तफा होता, म्हणून अख्खा गेमच मुस्तफा. बाकीचे तिघे आयुष्यभर मुस्तफामध्ये नोकरीला असल्यासारखे राहिले. मेव्हण्याला दहावीच्या भूमितीतलं एक प्रमेय आज आठवत नाही, पण कोणतं पिंप फोडलं की आतून खायला मिळतं, हे तो झोपेतही सांगतो.

त्या मशीनच्या बटणांना दिवे नव्हते. दिव्यांचं सोडा, काहींना वरची टोपीही नव्हती. एक आत रुतलेलं, एक दाबलं की वर यायचंच विसरलेलं, आणि सगळ्यांवर पिढ्यानपिढ्यांच्या वडापावाचं तेल. तरीही कुणा पोराचा अंगठा कधी चुकला नाही. डोळे पडद्यावर, एक कान आई हाक मारतेय का याकडे, आणि बोटं आपापल्या जागी. खेळताना बटणाकडे बघणारा पोरगा नवशिका समजला जाई आणि त्याच्या मागे उभी असलेली पोरं त्याचा रुपया वाया गेला म्हणून आधीच हळहळत.

मी हे मेव्हण्याला सांगितलं. “जे बघायचंच नाही, त्याला दिवा कशाला?”

“भावोजी,” तो म्हणाला, “खेळायला नाही. लोकांनी बघायला.”

इथे वाद संपला. मीरा-भाईंदरमध्ये या उत्तरापुढे कुणाचंच काही चालत नाही.

घरात मशीनला जागा मिळावी म्हणून शोकेस गेली. तिच्यातला कपबशांचा सेट माळ्यावर गेला. लग्नात आलेला तो सेट एवीतेवी कधी वापरलेला नव्हता, त्यामुळे त्याला फरक पडला नाही. मेव्हण्याच्या बायकोला पडला. तिने माझ्या बायकोला फोन केला, “ताई, तुमच्या भावाने हॉलमध्ये टेलिफोन बूथ आणलाय.” माझ्या बायकोने दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि भावाच्या बाजूने निकाल दिला. माहेरचं न्यायालय आहे, त्यात अपील नसतं.

पॅनेल त्याला स्टीलचंच हवं होतं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, गाळ्यागाळ्यांतून ताटं, डबे, पातेली घडत असतात. त्यातल्या एका गाळ्यात मेव्हणा नकाशा घेऊन गेला. दोन खेळाडू, प्रत्येकी सहा बटणं. ही सहाची वाटणी १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने रूढ केलेली: तीन ठोसे, तीन लाथा, हलकी-मध्यम-जोराची. म्हणजे तीस मिलिमीटरची बारा भोकं, खेळ सुरू करण्याच्या बटणांसाठी चोवीस मिलिमीटरची दोन, आणि जॉयस्टिकची दोन निराळी. गाळेवाल्याने कागद आडवा धरला, उभा धरला, आणि विचारलं, “इडलीचं आहे ना? मग वाट्या कुठायत?”

मेव्हण्याने सगळं समजावून सांगितलं. गाळेवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि अखेरपर्यंत इडलीवर ठाम राहिला. पत्रा मात्र सुरेख कापून दिला. कडा घासून दिल्या, वर पॉलिशही मारून दिली. “वाफ चांगली फिरेल,” एवढंच म्हणाला.

बटणांसाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचं नाव आहे, पण कपॅसिटर घ्यायला निघालेला माणूस ते नाव घेत नाही. दुकानदाराने मेव्हण्याला एकच प्रश्न विचारला, “पाच का के बारा का?” एलईडी बटणं पाच व्होल्टची मिळतात आणि बारा व्होल्टचीही, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. बाराचं बटण पाचवर लावलं तर दमेकऱ्यासारखं मिणमिणतं. पाचचं बारावर लावलं तर एकदाच असं काही चमकतं की सगळे वाहवा म्हणतात, आणि मग कायमचं निवृत्त होतं.

या चिमुकल्या दिव्याचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. त्याला दोन पाय: लांब तो प्लस, आखूड तो मायनस. उलटा जोडला तर पाच व्होल्टवर तो बिचारा तक्रार करत नाही, नुसता पेटत नाही. लाल असेल तर त्याला दोनेक व्होल्ट पुरतात, निळ्या-पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात, आणि वीस मिलिअँपिअरच्या फार वर प्रवाह दिला की जळतो. आपण देणार पाच व्होल्ट. तेव्हा निळ्याच्या बाबतीत उरलेल्या दोन व्होल्टांसाठी मध्ये एक रेझिस्टर लावायचा. दोन भागिले शून्य पूर्णांक शून्य दोन, म्हणजे शंभर ओहम. ओहमचा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. तो खरोखर वापरणारा माणूस मी पहिल्यांदाच जवळून पाहिला.

“म्हणजे हा रेझिस्टर,” मेव्हणा बायकोला सांगत होता, “जास्तीचं सगळं स्वतःवर घेतो, स्वतः तापतो, आणि कुणाला दिसत नाही.”

“ओळखते मी त्याला,” ती म्हणाली आणि कुकर लावायला निघून गेली.

मेव्हण्याने सगळी बटणं निळी आणली होती. निळा एलईडी हे साधं प्रकरण नाही. डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी अमेरिकेत १९६२ मध्येच केला होता, पण चांगला उजळ निळा काही केल्या जमेना. अखेर जपानमध्ये शुजी नाकामुरांनी तो १९९३ मध्ये जगापुढे ठेवला आणि इसामू अकासाकी व हिरोशी अमानो यांच्यासह त्यांना २०१४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं. १९९३ म्हणजे मुस्तफाचंच वर्ष. एकाच देशात, एकाच वर्षी एकीकडे निळा दिवा आणि दुसरीकडे मुस्तफा जन्माला आले, आणि दोघांची गाठ पडली ती भाईंदर पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. मेव्हण्याला हे सांगितलं तर त्याचे डोळे पाणावले. मग कळलं, सोल्डरिंगचा धूर होता.

आता मुद्द्याचं. बटणं आणि रास्पबेरी पाय हा इवलासा संगणक यांच्यामध्ये एक छोटा बोर्ड बसतो. त्याला बाजारात ‘झिरो डिले’ म्हणतात. विरार लाइनवर हयात घालवलेल्या माणसाच्या हातात हे दोन शब्द छापलेली वस्तू आली की तो आधी ती उलटून बघतो. असो. मेव्हण्याने बटण उलटं करून मला दाखवलं. मागे चार पत्र्या होत्या.

“या दोन दाबण्याच्या. आत मायक्रोस्विच आहे, टक् वाजतो तो. या दोन दिव्याच्या. यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. दिव्याची वायर वेगळी.”

“म्हणजे आतला स्विच मेला तरी दिवा लागेल?”

“झकास लागेल.”

“आणि दिवा गेला, पण स्विच चालू असेल तर?”

“तर बटण काम करेल,” तो म्हणाला. “पण त्याला दाबणार कोण?”

मी तिथेच स्टुलावर बसलो. पन्नाशीला आलो, अनेक कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, कितीतरी सत्कार समारंभांना हजर राहिलो. पण देश कसा चालतो हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. दिवा लागणं ही एक गोष्ट, काम होणं ही दुसरी, आणि दोघांची वायरिंग निरनिराळी. आपण मात्र दिवा बघून रांग लावतो.

मोटारींवरच्या लाल दिव्यांचंच बघा. १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरून ते उतरले. त्यांच्यासोबत कारभाराचा वेगही उतरेल अशी काहींना भीती होती, आणि तो वाढेल अशी काहींना आशा होती. दोन्हींपैकी काही झालं नाही. फायली पूर्वी ज्या गतीने चालायच्या त्याच गतीने चालत राहिल्या. म्हणजे तिथेही दिव्याची वायर वेगळीच होती. फक्त कुणी बटण उलटं करून बघितलं नव्हतं.

गेमच्या मशीनांत सुरुवातीला असं नव्हतं. अटारी कंपनीच्या ‘ॲस्टेरॉइड्स’ या १९७९ च्या मशीनवर खेळ सुरू करण्याच्या बटणांत एलईडी होते, पण ते उगाच जळत नसत. नाणं आत पडलं की मगच लुकलुकायला लागत. पैसे पोचले, आता दाबा. किती सभ्य व्यवहार! पैसे पोचल्याचं असं प्रकाशमान कबूल करणारी दुसरी यंत्रणा मला तरी अजून भेटायची आहे. इलेक्ट्रिशियनच्या खिशातला टेस्टर त्याच घराण्यातला. करंट असेल तर पेटेल, नसेल तर नाही, कुणाची भीडभाड नाही. म्हणूनच तो कधी सजावटीत दिसत नाही.

आणि गंमत अशी की खरं बोलणाऱ्या दिव्यावर आपला विश्वास नसतो. आमच्या मीरा रोडच्या इमारतीतल्या लिफ्टचं बटण प्रामाणिक आहे. दाबलं, नोंद झाली, की दिवा लागतो. तरी मागून आलेला प्रत्येक जण ते पेटलेलं बटण पाहतो आणि पुन्हा दाबतो. तिसरा दोनदा दाबतो, कारण त्याला घाई असते. चौथा सगळ्यांकडे तुच्छतेने पाहून अंगठ्याने दाबतो. लिफ्ट तिच्या वेळेला येते आणि चौघांनाही वाटतं, आपल्यामुळे आली.

इकडे मशीन तयार झालं. संध्याकाळी दिवे लावले आणि चौदाच्या चौदा बटणं निळी उजळली. हॉलला शस्त्रक्रियेच्या खोलीची कळा आली. त्याच्या बायकोने विजेच्या बिलाची धास्ती घेतली, तेव्हा मेव्हण्याने हिशोब मांडला: एका बटणाला पाच व्होल्ट आणि वीस मिलिअँपिअर, म्हणजे एक दशांश वॅट. चौदांचे मिळून १.४ वॅट. दिवसरात्र महिनाभर जळले तरी जेमतेम एक युनिट.

“एवढंच?” ती म्हणाली. “मग एवढं काय बघायचं त्यात?”

या वाक्याने मेव्हणा दुखावला. दुखावलेला माणूस खर्च करतो. पुढच्या महिन्यात निळे एलईडी गेले आणि रंग बदलणारे आले. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. गुणाकार केला की एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर रंग होतात. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती, म्हणजे माणशी वीस रंग सहज वाट्याला येतात आणि कुणी कुणाशी भांडायचं कारण उरत नाही. प्रत्यक्षात भांडण पहिल्या रात्रीच झालं. मुलीला गुलाबी हवा होता, मुलाला हिरवा, त्यांच्या आजीला देवघराजवळ शोभेल असा केशरी. शेवटी तडजोड म्हणून पहिल्या खेळाडूला लाल आणि दुसऱ्याला हिरवा ठरला. एक कोटी सदुसष्ट लाखांतून आपण सिग्नलवर आलो.

मेव्हण्याचा उत्तनचा एक मित्र ताजे बोंबील घेऊन आला होता. घरची मासेमारीची बोट, वडील तांडेल. त्याने पॅनेलकडे पाहिलं आणि चटकन म्हणाला, “बरोबर लावलंस की. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. आमच्या बोटीलापण असंच.” रात्री समुद्रावर समोरून येणाऱ्या बोटीचा कुठला दिवा दिसतो त्यावरून तिचं तोंड कुठे आहे ते कळतं. तिथे उगाच आवडला म्हणून गुलाबी लावला तर बोट बोटीवर आदळते. त्या खोलीत दिव्याला काही अर्थ असतो असं मानणारा तेवढा एकच माणूस होता, आणि तो बोंबील ठेवून लगेच गेला.

त्याच्या बोलण्याने मेव्हण्याच्या डोक्यात मात्र किडा सोडला. त्याने रात्रभर खपून अशी व्यवस्था केली की ज्या खेळात जी बटणं चालतात तेवढीच पेटतील. ‘स्ट्रीट फायटर’ला सहाही, मुस्तफाला मारायचं आणि उडीचं अशी दोनच, बाकी सगळा अंधार. उपयोग त्याचा दिवा. मला हा विचार इतका भव्य वाटला की तो सगळीकडे लागू करून पाहावा असं मनात आलं. समजा, व्यासपीठावर बसलेल्यांपैकी ज्यांचा कामाशी संबंध आहे तेवढ्यांवरच प्रकाश पडला, तर बरेच कार्यक्रम संपूर्ण काळोखात पार पडतील.

दुसऱ्या दिवशी सोसायटीतले लोक मशीन बघायला आले. मेव्हण्याने कौतुकाने ‘पॅक-मॅन’ लावला. १९८० चा हा खेळ नुसत्या जॉयस्टिकवर चालतो, एकदा सुरू केला की त्याला एकही बटण लागत नाही. तत्त्वाला जागून मशीनने बाराच्या बारा विझवली.

“गेलं वाटतं,” सेक्रेटरी हळहळले.

“चायनाचा माल असाच,” खजिनदार म्हणाले.

“गेलं नाही काका, या गेमला बटणंच लागत नाहीत, म्हणून...”

“असू दे, असू दे. होतं असं. वॉरंटी आहे ना?”

प्रामाणिकपणे विझलेला दिवा हा बिघाडच असतो, हे त्या दिवशी खोलीत एकमताने ठरलं. मेव्हणा एकटा अल्पमतात होता.

पण सेक्रेटरी जाताना दारात थांबले. त्यांच्या इमारतीत रोज सकाळी पन्नास बिऱ्हाडं वॉचमनला एकच प्रश्न विचारतात, टाकीत पाणी आहे का? वॉचमन एकच उत्तर देऊन थकला आहे. “असा एखादा दिवा खाली लिफ्टजवळ लावता येईल का? पाण्याचा?”

मेव्हण्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी कामाचा दिवा मागितला होता. त्याने मन लावून काम केलं. वरच्या टाकीत तरंगणारा फ्लोट स्विच बसवला, वायर खाली आणली, आणि लिफ्टच्या शेजारी तळहाताएवढं हिरवं बटण लावलं. टाकीत पाणी असेल तरच पेटायचं. या वेळी दिव्याची वायर वेगळी नव्हती.

बटण पेटेना. पहिल्या सकाळी लोकांनी त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या सकाळी त्याला बोटाने टिचक्या मारल्या. तिसऱ्या सकाळी तक्रारवहीत नोंद पडली, “नवीन दिवा लागत नाही.” त्याखाली दुसऱ्या अक्षरात, “माल कुठून आणला ते सभासदांना कळावं.” त्याखाली तिसऱ्या अक्षरात, “कोटेशन किती मागवली होती?” पाण्याबद्दल वहीत अवाक्षर नव्हतं. पाणी नसण्याची लोकांना सवय होती. दिवा नसण्याची नव्हती.

सेक्रेटरी रात्री वर आले. आवाज खाली आणून म्हणाले, “तुमच्या मशीनला पहिल्यांदा लावले होतेत ना, तसले नाहीत का? कायम लागणारे?”

पाच मिनिटांचं काम होतं. मेव्हण्याने फ्लोटच्या दोन वायरी काढून गुंडाळून ठेवल्या आणि दिवा थेट पाच व्होल्टला जोडला. तेव्हापासून लिफ्टशेजारी अखंड हिरवा दिवा तेवतो आहे. तक्रारवही कोरी आहे. सकाळी लोक बादल्या घेऊन खाली उतरतात, दिव्याकडे एकदा समाधानाने बघतात आणि टँकरची वाट बघत उभे राहतात.

वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवरचा सातवा विषय फार वेळ चालला नाही. इमारतीचा पाण्याचा प्रश्न कायमस्वरूपी सोडवल्याबद्दल माझ्या मेव्हण्याच्या अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सूचक खजिनदार, अनुमोदक तक्रारवहीच्या जाचातून सुटलेले सेक्रेटरी. सत्काराला शाल, श्रीफळ आणि पाण्याची एक सीलबंद बाटली.